डाव्या बाजूचा संशय

माझं म्हणणं होतं, ह्यांच्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं. ह्यांचं म्हणणं होतं, हेडफोनची डावी बाजू बसलीय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! ह्या एका गोष्टीवरून आमच्या घरात जवळजवळ वर्षभर धुसफूस चालली. बाहेरच्याला वाटावं, म्हातारा-म्हातारीला दुसरा उद्योग नाय. पण मला आतून भीती वाटायची. गुडघा गेला की दुखतो, ओरडतो. कान गुपचूप जातो. आणि ह्या माणसाला निवृत्तीनंतर गाणं सोडून दुसरं काही उरलंच नव्हतं.

हे वाळूजच्या एका कंपनीत होते, पत्रा दाबायच्या मशिनांवर. जन्मभर त्या धाडधाडीत उभे राहिले. कानात घालायला रबरी बोंडं मिळायची, ती शर्टाच्या खिशात. धुवायला कपडे टाकले की मला सापडायची. मी विचारायची, "हे खिशाला घालायला देतात का?" तर म्हणायचे, "मशीन बिघडलं की आधी आवाज बदलतो. कान झाकून कसं चालंल?" निवृत्त झाल्यावर मात्र दुसरंच सुरू झालं. घरात शांतता पाहिजे, भांडी हळू ठेव, आणि डोक्यावर हा भलामोठा हेडफोन चढवून डोळे मिटून बसायचं. सगळं शास्त्रीय. एकच राग तास-तासभर.

हा नाद लावला त्यांच्या दोस्तानं. दोस्ताचं क्रांती चौकाच्या अलीकडं चष्म्याचं दुकान. तिथंच डोळे तपासायचे, तिथंच फ्रेम निवडायची. त्याच्या वडिलांनीही तोच धंदा केला, आणि गाण्याचा शौकही घरातलाच. चष्मा करायला म्हणून हे गेले, आणि चष्म्याबरोबर दोस्तही घेऊन आले. मला तो भाभी म्हणायचा. लई अदबशीर माणूस. इतका अदबशीर की मला पहिल्या दिवसापासून संशय आला.

आता माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाय. माझी सगळी नोकरी कन्नड तालुक्यात शाळेत शिकवण्यात गेली. पेपराच्या वेळी पोरगं वर बघून उत्तर आठवायलंय का शेजारच्याचं बघायलंय, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. ती सवय घरी येताना शाळेत ठेवून येता येत नाय. भाजीवाला वजन करताना गोड बोलला की मी काट्याकडं बघते.

दोस्ताच्या दुकानात रविवारी सकाळी ह्यांची बैठक भरायची. दुकान बंद, शटर अर्धं खाली. हे दोघं हेडफोन पारखायचे. दोस्ताकडं तीन होते, म्हणजे नावं मोठीमोठी, पण मी आपली त्यांना माझी नावं दिली होती. एक लाकडी, वाटीसारखा, जड. एक जाळीचा, ज्यातून आवाज बाहेर पण झिरपायचा. आणि एक काळा, साधा दिसणारा, पण म्हणे सगळ्यांत तिखट. ह्यांचं ठरलं होतं की निवृत्तीची हौस म्हणून ह्या तीन हेडफोनांतला जो सरस ठरंल, त्याच जातीचा एक नवा घ्यायचा. एकदाच घ्यायचा आणि मरेपर्यंत वापरायचा. म्हणून पारख.

पारखायची रीतही ठरलेली. डोळे तपासायच्या खुर्चीत एकानं बसायचं, डोळ्यांवर रुमाल बांधायचा. तोच तुकडा, तेवढाच आवाज. कुठला हेडफोन चढतोय ते सांगायचं नाय, नुसतं "एक" म्हणायचं, मग "दोन". ऐकणाऱ्यानं सांगायचं, कोणता बरा. दोस्त म्हणायचा, किंमत दिसली की कान खोटं बोलायला लागतो. आणि आवाज जुळवून घेतल्याशिवाय तो सुरूच करायचा नाय, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच माणसाला चांगला वाटतो. हे मात्र मला पटलं. माझ्या वर्गातही मोठ्यानं बोलणारं पोरगंच सगळ्यांना हुशार वाटायचं.

पण हेडफोन चढवायचा कुणी? दोघांतला एक बसलेला, दुसरा मोबाईलवर. आणि चढवणाऱ्याला माहीत असलं की त्याच्या हातावरून बसलेल्याला कळतं. म्हणून मला पंच केलं. मला गाण्यातलं काही कळत नाय, मला कुठलाच जिंकायला नको, म्हणून मी बरी. रविवारी सकाळी सगळ्या बायका घर आवरायच्या, आणि मी चष्म्याच्या दुकानात दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवत उभी!

त्यांचं बोलणं ऐकून हसू यायचं. हे म्हणायचे, "लाकडीत गाणारा लई जवळ बसतो. पार मांडीला मांडी लावून." दोस्त म्हणायचा, "हौ, मगर तबला फूल जाता. जाळीवाल्यात देखो, हर चीज अपनी जगह पे." काळ्यावर दोघांचं एकमत, की त्यात गाणाऱ्याचा प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो. खरं सांगू, मी घरी एकदा तिन्हीचं वर्णन आठवून बघितलं आणि मला वाटलं, ही माणसं नुसत्या हवेचा भाव करायलेत.

मग घरची तक्रार सुरू झाली. घरी ह्यांच्याकडं जुना, दोस्तानंच दिलेला हेडफोन होता. एक दिवस म्हणाले, "ह्याची डावी बाजू कमी वाजायलीय." वायर बदलली. मग मोबाईल बदलून बघितला. मग म्हणाले, आतला पडदाच ढिला झाला असंल. मी आपली ऐकून घेतलं. पण माझी नजर ह्यांच्यावर बसली. फोन आला की हे आता उजव्या कानाला लावायला लागले. जेवताना मी डावीकडनं काही विचारलं की "हं?" उजवीकडनं विचारलं की सरळ उत्तर. एकदा मी मुद्दाम डाव्या बाजूनं हळूच म्हटलं, "तुमच्या भावानं जमीन विकली." ह्यांना भाऊच नाय. हे वरणात भाकरी कुस्करत बसले.

मी सरळ म्हटलं, "अहो, कान दाखवा."

"कानाला काय झालंय? हेडफोन खराब आहे."

"सगळ्या दुनियेचीच डावी बाजू खराब झाली का? टीव्हीची, फोनची, माझी?"

"तू पुटपुटतीस. स्पष्ट बोलत जा."

मी पुटपुटते! जिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, ती मी! झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण उठवणार? पण ह्यांच्याकडं एक हुकमाचं पान होतं, आणि ते माझ्यापुढं दर रविवारी टाकायचे. दोस्ताच्या दुकानात ह्यांना दोन्ही बाजू सारख्या ऐकू यायच्या. तिन्ही हेडफोनमध्ये. खुर्चीतून उठायचे, रुमाल सोडायचे आणि माझ्याकडं बघून म्हणायचे, "बघ! इथं डावीकडचा घुंगरू पण ऐकू येतो. म्हणजे घरचाच खराब ना?"

मला उत्तर सुचायचं नाय. आणि उत्तर सुचलं नाय की मला संशय येतो.

एक गोष्ट मला खटकत होती. ह्या दोघांचा एक नियम होता, आणि तो मी त्यांच्याकडूनच शिकले होते. एक बाजू जराशी कमी वाटली की हेडफोन काढायचा, उलटा करून घालायचा. कमीपणा दुसऱ्या कानाकडं गेला, तर दोष हेडफोनचा. त्याच कानाशी राहिला, तर... पुढचं ते कधी बोलायचे नाहीत, कारण तशी वेळच यायची नाय. आधी तर इतकीशी शंका आली तरी दोघं टोपीसारखे उलटेपालटे करत बसायचे. आता वर्षभर डावी बाजू कमी म्हणून ओरड, आणि हेडफोन एकदाही उलटा घातला नाय. ना घरी ह्यांनी, ना दुकानात दोस्तानं सुचवलं. डोळे तपासणारा माणूस, दिवसभर लोकांना "आता बरं दिसतं का आधी?" विचारणारा, त्याला एवढं सुचू नये?

इथंच पाणी मुरतंय, हे मी ओळखलं. आणि माझा संशय दोस्तावर गेला. तो आवाज जुळवायच्या नावाखाली मोबाईलवर काहीतरी करायचा, हे मला दिसायचं. पण आता मी नीट बघायला लागले. स्वतः खुर्चीत बसायच्या आधी आवाज जुळवताना अंगठा पडद्यावर वर-खाली. ह्यांची पाळी आली की अंगठा आडवा. मला वाटलं, ह्याला नव्याऐवजी त्याचा जुना लाकडीच खपवायचाय. ह्यांच्या पाळीला लाकडी चढला की काहीतरी गोड करतो आणि बाकीचे बिघडवतो. भोळा माणूस सापडलाय. अदब बघा म्हणावं, अदब!

एका रविवारी चहा आणायची पाळी ह्यांची होती. हे शटरखालून वाकून समोरच्या हॉटेलात गेले, आणि मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे खुर्चीवरचा हेडफोन उचलून स्वतःच्या डोक्यावर चढवला.

"भाभी, रुको, नक्को!" दोस्त एकदम पुढं झाला. त्याचा हात मोबाईलकडं गेला, पण तोवर मी ऐकलं होतं. डाव्या कानात नुसता धबधबा. उजवीकडं काहीच नाय, म्हणजे जवळजवळ काहीच नाय. मी दचकून हेडफोन काढला. ह्याच हेडफोनात पाच मिनिटांपूर्वी ह्यांनी "दोन्हीकडं एकदम बरोबर" म्हणून मान डोलावली होती.

मी मोबाईल हातात घेतला. पडद्यावर एक आडवी पट्टी, एका टोकाला डावं, दुसऱ्या टोकाला उजवं, आणि एक ठिपका. ठिपका मधे असायला पाहिजे. तो पार डाव्या टोकाला होता.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

दोस्त स्टुलावर बसला. त्यानं चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला. म्हणाला, "मागच्या हिवाळ्यापासून, भाभी. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मान डावीकडं वळवायला सुरुवात केली. मैं समझ गया. मी सांगणार होतो. मगर त्या दिवशी थोडासा सरकवला, इतकासा, आणि त्यांचा चेहरा बघितला. इतने खुश! म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी अजून थोडा सरकवावा लागला."

"आणि आता?"

"आता पट्टी संपली," तो म्हणाला. "अब और जगह नहीं है."

मला त्याची दया यायला पाहिजे होती. पण मला भयंकर संताप आला. "तुमच्या ह्या दयेपायी माणूस वर्षभर डॉक्टरकडं गेला नाय! मी घरी रोज घसा फोडायची, आणि तुम्ही इथं दर रविवारी मला खोटं पाडायलात! दोस्त म्हणवता? ह्यांचा कान काय तुमच्या दुकानातली फ्रेम आहे, आवडंल तशी वाकवायला?"

तो नुसता मान खाली घालून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी बघितलं आणि मुद्दाम बघितलं नाय असं केलं.

"ठिपका मधे आणा," मी म्हटलं. "आत्ता. आणि एक शब्द बोलायचा नाय."

हे चहा घेऊन आले. गप्पा झाल्या. मग मीच म्हटलं, "एक डाव अजून होऊ द्या, लाकडी का जाळीचा, आज ठरवूनच टाका." हे खुशीत खुर्चीत बसले. मी रुमाल बांधला. जाळीचा चढवला, सरळ. दोस्तानं तुकडा लावला.

"हं," हे म्हणाले. "आज डावीकडं कमी आहे. वायर बघ रे."

मी हेडफोन काढला आणि उलटा करून चढवला.

गाणं चालू होतं. मी ह्यांच्या मानेकडं बघत होते. मान हलली नाय. हात मात्र खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाले. मला वाटलं, आता म्हणतील, उजवीकडं कमी आहे. देवा, म्हणू दे, मी वर्षभर ज्यासाठी भांडले ते खोटं ठरू दे.

"उलटा घातलास ना?" हे म्हणाले.

"व्हय."

"तबला बाजू बदलून आला."

"आणि कमी कुठं आहे?"

ह्यांनी रुमाल स्वतःच सोडला, हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग दोस्ताकडं न बघता म्हणाले, "मला म्हायत होतं. तू पट्टी सरकवायचास की डावीकडं एक बारीक सुरसुर वाढायची. मला ती लागायची."

"फिर बोले कायकू नहीं?" दोस्ताचा आवाज फुटला.

"तू कामून नाय बोललास?"

मी मधेच म्हटलं, "आता दोघं भांडू नका. उद्या दवाखान्यात चला."

"नाय," हे म्हणाले. "डॉक्टर मशीन देणार. कानाला मशीन बसलं की ह्यातलं एक पण नीट चढत नाय, शिट्टी मारतं. तुम्हाला वाटायलं मी कुठला चांगला ते बघत होतो. मी, कुठल्यात अजून सगळ्यांत जास्त उरलंय, ते बघत होतो."

त्यानंतर रविवारची बैठक बंद पडली. भांडण नाय, पण हे गेले नाहीत, आणि दोस्तानं बोलावलं नाय. एकदा मात्र तो घरी येऊन जाळीचा हेडफोन ठेवून गेला, "सुनो जब तक सुनना है" म्हणून. मी डॉक्टरचा विषय रोज काढायची, मग दिवसाआड, मग काढायचंच बंद केलं. विषय निघाला की हे उठून गच्चीत जायचे. माझ्या लक्षात पण न येता मी माझं ताट ह्यांच्या उजव्या बाजूला मांडायला लागले, उजवीकडून बोलायला लागले. आणि आवाज न चढवता. माझ्यासारखीनं! मला माझीच चीड यायची, पण काय करणार, तो चेहरा बघवत नव्हता.

एका दुपारी ह्यांनी मला बोलावलं. पलंगावर बसले होते. हेडफोनच्या दोन्ही वाट्या फिरवून एक स्वतःच्या उजव्या कानाला धरली, दुसरी मला दिली. "तू डावीकडचं ऐक आणि मला सांग," म्हणाले. "उजवं मी ऐकतो. मिळून पुरं होईल."

आम्ही डोक्याला डोकं लावून बसलो. लग्नानंतर इतकं जवळ बसून आम्ही कधी काही केलं नव्हतं. माझ्या वाटीत बारीक तानपुरा वाजत होता, आणि तबल्याचा मधेमधे ठोका. बास.

"सारंगी सुरू झाली का?" ह्यांनी विचारलं.

मी कान ताणून ऐकलं. तानपुरा, ठोका. दुसरं काही नव्हतं. ह्यांनी डोळे मिटले होते, तोंडावर अशी आशा, पोरगं निकालाची वाट बघतंय तशी. मला वाटलं, मलाच कळत नसंल. मग वाटलं, कळत नाय म्हटलं तर हे म्हणतील, तुला नाय कळत आणि मला नाय ऐकू येत, आणि हेडफोन ठेवून देतील कायमचा.

"झाली," मी म्हटलं. "लई गोड वाजायलीय."

ह्यांनी तुकडा संपू दिला. मग त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली.

"ह्याच्यात सारंगी नाय," हे म्हणाले. "सबंध रेकॉर्डिंगमध्येच नाय."

माझा चेहरा गरम झाला. "तुम्ही माझी परीक्षा घ्यायलात?"

"व्हय. तो दोस्त आहे, तो खोटं बोलणारच, त्याचा मला राग नाय. पण तू? तू लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगितलंस, तुमच्या फेट्याचा रंग कपाळावर उतरलाय म्हणून. आजवर कधी माझी गय केली नाहीस." त्यांनी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली, नीट, हळूहळू. "तू पण गय करायला लागलीस, म्हणजे माझं लईच गेलंय. चल, तुझ्या डॉक्टरकडं. उठ, साडी बदल."